जुन्या रुप्याचे मोल

पुण्याच्या पेठांतले जुने वाडे एकामागून एक उतरू लागले आहेत. वाडा उतरला म्हणजे तुळया आणि खांब यांच्याबरोबर आणखीही पुष्कळ काही उजेडात येते. कोनाड्यामागचा चोरकप्पा उघडतो, देवघराच्या फळीखालची डबी सापडते, फडताळाच्या तळाशी कापडात गुंडाळलेली एखादी पुरचुंडी हाती लागते. आणि पुष्कळदा तिच्यात असतात ते आजीने लक्ष्मीपूजनासाठी जपून ठेवलेले चांदीचे बंदे रुपये.

अशीच एक डबी घेऊन सदाशिव पेठेतले दोघे भाऊ मध्यंतरी आमच्याकडे आले होते. डबीत त्रेचाळीस नाणी होती. थोरल्याचे म्हणणे असे, की सराफाकडे जाऊन सगळी मोड घालावी, जी रक्कम येईल ती निम्मी-निम्मी करावी आणि विषय संपवावा. धाकट्याने कोठेतरी वाचले होते, की १९३९ सालचा एक रुपया लिलावात लाखांना गेला. तेव्हा थोरला आपल्याला ठकवीत आहे, किंवा निदान सराफ तरी दोघांना ठकवील, अशी शंका त्याच्या मनात शिरली होती. एका डबीपायी सख्ख्या भावांत अबोला येण्याची वेळ आली होती. "तुम्हीच सांगा, याची खरी किंमत काय?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

प्रश्न सरळ असला तरी उत्तर सरळ नाही. नाण्यांच्या संग्राहकांत या एका प्रश्नावर नित्य वाद चालतो. कोणी म्हणतो, आजकालच्या बोली म्हणजे निव्वळ वेडाचार आहे. कोणी म्हणतो, इतकी वर्षे आपण या नाण्यांना कवडीमोल लेखले, आता कोठे त्यांना न्याय मिळतो आहे. दोन्ही पक्षांत थोडेथोडे तथ्य आहे. ते नीट कळावे म्हणून जुन्या नाण्याची किंमत कोणकोणत्या गोष्टींची मिळून बनते, ते आपण एकेक करून पाहू. आमच्या मते त्या गोष्टी चार आहेत : धातू, दुर्मिळता, स्थिती आणि हौस.

पहिली गोष्ट धातूची. ती सर्वांत सोपी आहे, कारण ती तराजूत मावते. १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. म्हणजे एका बंद्या रुपयात निव्वळ चांदी १०.६९ ग्रॅम. हे प्रमाण पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ, १९४० पर्यंत टिकले. त्या साली, महायुद्धाच्या ओढाताणीत, रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली. आणि १९४७ साली चांदी पार जाऊन निकेलचा रुपया आला. तेव्हा घरात रुपया सापडला, की प्रथम साल पाहावे. १९३९ पर्यंतचा असेल तर त्या दिवशीच्या चांदीच्या भावाला १०.६९ ने गुणावे. जो आकडा येईल तो त्या नाण्याच्या किमतीचा तळ. त्याच्या फार खाली कोणी मागत असेल तर तो आपल्याला ठकवीत आहे, इतके निश्चित समजावे.

दुसरी गोष्ट दुर्मिळतेची, आणि येथेच बहुतेकांची समजूत चुकते. जुने ते दुर्मिळ, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः वयाचा आणि दुर्मिळतेचा संबंध फार थोडा. १९१८ चा रुपया शंभर वर्षांहून जुना आहे. परंतु त्या एका साली मुंबई आणि कलकत्ता या दोन टांकसाळींतून मिळून चाळीस कोटींहून अधिक रुपये पाडले गेले. जुन्या बाजारात कोणत्याही रविवारी गेले तरी तो दिसतो. उलट १९३९ चा रुपया त्याच्याहून एकवीस वर्षांनी तरुण, पण तो पाहायलाही मिळत नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर टांकसाळीत नाही, भट्टीत आहे. किती नाणी पाडली हा प्रश्न दुय्यम. किती वितळली हा खरा प्रश्न. हे समजण्यासाठी मुंबईच्याच टांकसाळीची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, की मुंबईच्या टांकसाळीत चांदीचे डॉलर पाडले जात. हे डॉलर अमेरिकेसाठी नव्हते, ते चीन, हाँगकाँग आणि सिंगापूरकडील व्यापारासाठी होते. त्या बाजूला मेक्सिकोच्या चांदीच्या डॉलरचे राज्य होते आणि इंग्रज व्यापाऱ्यांना स्वतःचे भरवशाचे नाणे हवे होते. हाँगकाँगची टांकसाळ तर १८६८ मध्येच बंद पडलेली. इकडे हिंदुस्थानात १८९३ च्या जूनमध्ये सरकारने लोकांची चांदी घेऊन तिचे रुपये पाडून देण्याची जुनी चाल बंद केली होती. तेव्हा मुंबईच्या यंत्रांना हे काम मिळाले. १८९५ च्या फेब्रुवारीत हुकूम निघाला आणि व्यापारी डॉलर पडू लागला. वजन सुमारे २६.९५ ग्रॅम, हजारात नऊशे भाग चांदी. म्हणजे निव्वळ चांदी सव्वाचोवीस ग्रॅम, आपल्या सव्वादोन रुपयांइतकी. एका बाजूस हातात त्रिशूळ आणि ढाल घेऊन उभी असलेली ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूस चिनी आणि मलायी अक्षरे. त्रिशुळाच्या मधल्या पात्यावर अगदी बारीक इंग्रजी 'बी' अक्षर असले, की तो डॉलर मुंबईचा.

चाळीस वर्षे हे नाणे चालले. मग १९३४ साली अमेरिकेने मोठ्या प्रमाणावर चांदी विकत घेण्याचा कायदा केला. जगभर चांदी महागली, चीनमधील चांदी बाहेर ओढली जाऊ लागली, आणि १९३५ च्या नोव्हेंबरात चीनने चांदीचे चलनच सोडले. मुंबईच्या टांकसाळीने त्या १९३५ सालचे अडुसष्ट लाखांवर डॉलर पाडले होते. परंतु ज्या बाजारासाठी ते पाडले तो बाजारच उठला. त्यांतले बहुतेक पुन्हा भट्टीत गेले. म्हणून आज १९३५ चा डॉलर दुर्मिळ, आणि लाखांच्या संख्येनेच पडलेले, पण चीनच्या गल्ल्यांत पोहोचलेले आधीचे डॉलर सुलभ.

भट्टीची दुसरी गोष्ट याहून नवलाची आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून प्रचंड माल आणि सैन्य बाहेर गेले, त्याचे पैसे येथे रुपयांत चुकवावे लागत, आणि रुपये पाडायला चांदी पुरेना. लोक नोटा घेऊन तिजोरीच्या दाराशी रांगा लावू लागले. १९१७ च्या नोव्हेंबरात सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली. शेवटी अमेरिकेने २३ एप्रिल १९१८ रोजी पिटमन कायदा केला आणि आपल्या तिजोरीतील सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळविले. त्यांतून जवळजवळ २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानासाठी दिली गेली. मुंबई-कलकत्त्यास ती आली आणि तिचे रुपये झाले. तेव्हा १९१८-१९ चा एखादा रुपया हातात घेतला, तर त्यातली चांदी काही काळापूर्वी अमेरिकन डॉलर असण्याचा संभव आहे. आज अमेरिकेत ज्या 'मॉर्गन' डॉलरसाठी लिलावात झुंबड उडते, त्याचे कोट्यवधी भाईबंद आपल्या आज्यांच्या डब्यांत रुपया होऊन बसले आहेत! पुढे दुसऱ्या महायुद्धात हाच प्रकार पुन्हा घडला. १९४४ साली अमेरिकेने सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनी दिली; आणि ती फेडण्यासाठी स्वतंत्र भारताने निम्म्या चांदीचे रुपये वितळवून १९५७ पर्यंत परतफेड केली. चांदीने असा दोनदा समुद्र ओलांडला आणि प्रत्येक खेपेस तिच्या अंगावरचा छाप पुसला गेला.

आता १९३९ च्या रुपयाचे कोडे सुटते. १९२२ नंतर सरकारपाशी परत आलेल्या रुपयांचा इतका साठा झाला होता, की १९३८ पर्यंत चलनासाठी नवा रुपया पाडण्याची गरजच पडली नाही. १९३८ आणि १९३९ या सालांचे सहाव्या जॉर्जचे रुपये मुंबईस पडले. तोच सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध उभे राहिले. लोक चांदी दडवू लागले. सरकारने चांदीचे प्रमाण उतरविले आणि जुने भरीव रुपये क्रमाने चलनातून काढले : व्हिक्टोरियाचे १९४१ साली, सातव्या एडवर्डचे १९४२ साली आणि दोन्ही जॉर्जांचे १९४३ साली. बाहेर फिरून लोकांच्या हंड्यांत शिरायला १९३९ च्या रुपयाला वेळच मिळाला नाही. राणीछाप रुपये साठ-सत्तर वर्षे लोकांच्या कनवटीला होते, म्हणून ते वाचले. हा बिचारा टांकसाळीतून निघाला आणि भट्टीच्या वाटेला लागला. जे मोजके सुटले त्यांच्यासाठी आज लाखांची भाषा होते.

पुण्याच्या स्वतःच्या नाण्याचीही हीच कथा आहे. पेशवाईत येथे अंकुशी रुपया पडत असे. अक्षरे फारसी, नाव दिल्लीच्या बादशहाचे, आणि कोपऱ्यात हत्तीच्या अंकुशाची खूण. इंग्रजी अमल आल्यावरही सुमारे १८३५ पर्यंत पुण्यात अंकुशी पडत राहिला. त्या काळी चांदवडी, मल्हारशाही, अंकुशी असे कितीतरी रुपये एकाच पेठेत फिरत, प्रत्येकाचा कस निराळा, आणि सराफ प्रत्येकावर निराळा बट्टा कापी. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांनीच पुढे १८९९ साली मराठी अमलातील टांकसाळी आणि चलने यांवर अभ्यासपूर्ण निबंध वाचला होता. राज्यांचा इतिहास लढायांइतकाच नाण्यांतही वाचता येतो, हे त्यांनी ओळखले होते. परंतु कंपनीचा एकछापी रुपया आला तसे हे देशी रुपये गोळा होऊन वितळू लागले. आणि बट्ट्याची कटकट गेली म्हणून तेव्हा कोणी हळहळलेही नाही.

दुर्मिळतेविषयी आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दुर्मिळता म्हणजे 'आज ठाऊक असलेली' दुर्मिळता. अमेरिकेत न्यू ऑर्लिअन्सच्या टांकसाळीचा १९०३ चा डॉलर अत्यंत दुर्मिळ समजला जाई. कोऱ्या प्रतीची किंमत दीड हजार डॉलरच्या घरात गेली होती. १९६२ च्या अखेरीस सरकारी तिजोरीच्या तळघरातून त्याच डॉलरच्या सीलबंद थैल्या बाहेर आल्या. आणि पाहता पाहता भाव काही थोड्या डॉलरांवर आला. नाणे तेच, चांदी तीच, ठसाही तोच. बदलले ते एवढेच, की लोकांना एक गोष्ट नव्याने कळली. ज्याने आयुष्याची पुंजी त्या एका नाण्यात घातली असेल त्याची त्या दिवशीची अवस्था आपण मनाशी आणून पाहावी.

तिसरी गोष्ट स्थितीची. एकाच सालची, एकाच टांकसाळीची दोन नाणी. एकाला पाचशे आणि दुसऱ्याला पन्नास हजार, असा फरक पडू शकतो, हे नवख्याला पटत नाही. हातोहात फिरून राजाच्या मुकुटावरची नक्षी झिजली, की किंमत उतरते. विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ साली नाण्याच्या स्थितीला १ ते ७० असे गुण देण्याची पद्धत घातली. १९८६ च्या सुमारास तेथील तपासणी संस्था असे गुण देऊन नाणे पारदर्शक डबीत सीलबंद करू लागल्या, आणि ती चाल आता आपल्याकडेही आली आहे. यामुळे लबाडीला थोडा आळा बसला. पण ६४ आणि ६५ गुणांतला डोळ्यांना जेमतेम दिसणारा भेद बाजारात दुपटी-तिपटीचा होऊन बसला. "आम्ही नाणे घेतो की डबीवरचा आकडा?" असा प्रश्न जुने संग्राहक विचारतात, तो यामुळेच.

आपल्या घरांत स्थिती बिघडते ती मात्र झिजेने नव्हे, प्रेमाने. दिवाळीच्या आदल्या दिवशी चिंच आणि रांगोळी घेऊन रुपये लखलखीत घासण्याची आपली रीत. देवापुढे ठेवायचे तर स्वच्छ हवेत, ही भावना उत्तम. परंतु प्रत्येक घासणीत टांकसाळीचा मूळ तजेला निघून जातो आणि बारीक ओरखडे उरतात. संग्राहकाच्या दृष्टीने काळवंडलेले अस्सल अंग हे घासलेल्या चकाकीहून कितीतरी मोलाचे. तीच गोष्ट माळेसाठी कडी जोडलेल्या रुपयांची. एकदा डाग दिला, की लिलावाच्या हिशेबाने ते नाणे राहत नाही, दागिना होते.

चौथी गोष्ट हौस. ती तराजूतही मावत नाही आणि गुणांतही बसत नाही. अमेरिकेचा १८०४ सालचा डॉलर हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्या सालाचा छाप असलेले हे डॉलर प्रत्यक्षात १८३४ च्या सुमारास, सयामचा राजा आणि मस्कतचा सुलतान यांना नजराणा द्यावा म्हणून प्रथम पाडले गेले. पंधरा-सोळाच नाणी ठाऊक आहेत. १९९९ साली त्यांतले एक ४१ लाख ४० हजार डॉलरला गेले. १७९४ चा एक डॉलर तर २०१३ च्या जानेवारीत एक कोटी डॉलरच्या पुढे गेला. यात चांदी किती? चिमूटभर! बाकी सारे त्या नाण्यामागच्या कहाणीचे, आणि ते आपल्याकडेच असावे या ईर्षेचे मोल.

लिलावात ही ईर्षा कशी काम करते ते पाहण्यासारखे आहे. सभागृहात शंभर माणसे बसलेली असोत. भाव ठरतो तो शेवटच्या दोघांमुळे. एकाच्या मालिकेत फक्त एक साल उरले आहे, दुसऱ्याच्या मालिकेतही नेमके तेच. अठ्ठ्याण्णव जण केव्हाच थांबले, पण हे दोघे थांबत नाहीत. हातोडा पडतो तो आकडा दुसऱ्या दिवशी 'बाजारभाव' म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो त्या संध्याकाळचा, त्या दोघांचा भाव असतो. तसेच दुसरे नाणे पुढल्या महिन्यात आले, तर पहिला गृहस्थ तृप्त होऊन घरी बसलेला असतो आणि दुसऱ्याला एकट्यालाच बोली द्यावी लागते.

शिवाय हातोड्याचा आकडा ना घेणाऱ्याचा असतो, ना देणाऱ्याचा. एक हिशेब मांडून पाहू. समजा, नाणे एक लाखाला सुटले. लिलाववाल्याचे घेणाऱ्याकडून कमिशन शेकडा १५ आणि विकणाऱ्याकडून शेकडा १० आहे. घेणाऱ्याने दिले एक लाख पंधरा हजार, वर कर निराळा. विकणाऱ्याच्या हाती आले नव्वद हजार. आता त्याच घेणाऱ्याला पुढे ते नाणे त्याच रीतीने विकून केवळ आपली मुद्दल सोडवायची असेल, तर हातोडा एक लाख अठ्ठावीस हजारांच्या आसपास पडला पाहिजे. भाव शेकडा अठ्ठावीसने चढावा तेव्हा कोठे नफा-तोटा शून्य! जे लोक नाण्यांकडे मुदत ठेवीसारखे पाहतात त्यांनी हा हिशेब भिंतीवर लावून ठेवावा.

आता मूळ वादाकडे वळू. चढ्या बोलींच्या बाजूने जे बोलतात त्यांचे म्हणणे असे : ज्या वस्तूला भाव नाही ती भट्टीत जाते. सराफाला अंकुशी रुपया आणि मोडकी वाटी यांत भेद नसतो. भट्टीपेक्षा संग्राहक जास्त देतो हे कळले, म्हणूनच आज सराफ नाणी बाजूला काढून ठेवू लागले. लिलावांच्या सूचीत छायाचित्र, वजन, वर्णन छापले जाते, त्यातून अभ्यासकाला कितीतरी नवे ठसे कळतात. हा मुद्दा खोटा नाही. वर सांगितलेली भट्टीची सारी कथा या मुद्द्याची साक्ष आहे.

विरुद्ध पक्ष म्हणतो : भाव चढला की पाठोपाठ तीन अनर्थ येतात. विद्यार्थी आणि सामान्य हौशी माणूस बाहेर फेकला जातो. पुण्यात 'कॉइनेक्स'सारख्या प्रदर्शनांत डोळे भरून पाहायचे आणि हात हलवीत परतायचे, एवढेच त्याच्या वाट्याला येते. दुसरा अनर्थ नकली नाण्यांचा. १९३८ च्या रुपयातला आठ कोरून नऊ केलेले नमुने फिरतात. मुंबईच्या डॉलरच्या हलक्या धातूच्या नकला ढिगांनी मिळतात. शिवछत्रपतींच्या सुवर्णहोनाच्या नावाने तर भाबड्या भक्तीचाच बाजार मांडला जातो. शिवाय टांकसाळींनीच पूर्वी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी नव्याने पाडलेल्या प्रती आहेत. त्या नकली नव्हेत, पण मूळही नव्हेत. तिसरा अनर्थ सर्वांत मोठा. शेतात एखादा हंडा सापडला, तर त्यातली नाणी गुपचूप चार वाटांनी विकली जातात. कोणत्या नाण्याबरोबर कोणते पुरले होते, कोठे, कोणत्या भांड्यात, ही माहिती नाण्याहून मोलाची. ती कायमची पुसली जाते. भट्टीत छाप पुसतो, चोरट्या विक्रीत ठिकाण पुसते. इतिहासाचे नुकसान दोन्हींत सारखेच.

आम्हांला वाटते, या वादात दोन्ही पक्ष 'भाव' आणि 'मोल' यांची गल्लत करतात. भाव चढावा की उतरावा हे कोणाच्या हाती नाही. नाणे कोठून आले याची नोंद ठेवणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. कायदाही तेच सांगतो. जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन कलेक्टरला कळविले पाहिजे, असा १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची झालेली नाणी पुरावस्तू ठरतात. ती घरात बाळगणे हा गुन्हा नव्हे, परंतु खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठविता येत नाहीत आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. आणखी एक गोष्ट. 'तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी नोंदणीचे शुल्क भरा', असे सांगणारे भामटे रिझर्व्ह बँकेचेही नाव घेतात. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट बजावले, की असल्या व्यवहारांशी तिचा काडीचाही संबंध नाही. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक नव्हे, एवढे तत्त्व ध्यानी ठेवले तरी पुरे.

नाण्याची पहिली परीक्षा घरीही करता येते. वजन करावे. लोहचुंबक लावून पाहावा. चांदी त्याला चिकटत नाही. मग वाटीभर पाणी तराजूवर ठेवून, काटा शून्यावर आणून, दोऱ्याने बांधलेले नाणे तळाला न टेकविता पाण्यात सोडावे. बंद्या रुपयाने काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवावा. कारण त्या मिश्रणाची घनता पाण्याच्या सुमारे १०.३ पट असते. आकडा बराच जास्त आला, तर धातूत खोट आहे. एवढ्यावरून नाणे अस्सल ठरत नाही, पण बहुतेक नकली नाणी येथेच पकडली जातात.

असो. त्या दोघा भावांची डबी आम्ही टेबलावर ओतली आणि तिघांनी मिळून सालवार ढीग लावले. अकरा रुपये १९१८ चे निघाले. १९३९ चा एकही नव्हता. धाकट्याचा चेहरा उतरला. एक १९११ चा निघाला. त्या सालच्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती इतका आखूड सोंडेचा उमटला, की लोकांना तो डुक्कर वाटला आणि ओरड झाली. सुमारे ९४ लाख पाडलेल्या रुपयांपैकी सात लाखांच्या आसपास बाहेर गेले होते. बाकीचे वितळवून पुढल्या साली ठसा बदलला. हा रुपया इतरांहून मोलाचा खरा, पण आजीच्या चिंचेने तो आरशासारखा झाला होता.

तळाशी एक थोराड नाणे होते. ब्रिटानिया, त्रिशूळ, साल १८९९. आणि अंगभर चिनी अक्षरांच्या बारीक खुणा ठोकलेल्या. चीनमधले सराफ नाणे पारखून आपली खूण त्यावर ठोकीत. आपल्याकडल्या सराफाच्या परखेसारखेच ते. "हे खराब झालेले दिसते," थोरला म्हणाला. पुष्कळशा लिलावांत त्याला कमीच बोली येईल, हे आम्हीही सांगितले. मग धाकट्याला काहीतरी आठवले. त्यांचे पणजोबा लष्करी पुरवठा खात्यात कारकून होते आणि १९०० च्या बंडाच्या वेळी पलटणीबरोबर चीनला जाऊन आले होते, असे आजी सांगत असे. मुलांना ती कहाणी थापच वाटे. मुंबईच्या टांकसाळीत पडलेला, चीनच्या बाजारात चार सराफांच्या हातून गेलेला आणि पुण्याला परत आलेला तो डॉलर टेबलावर पडला होता. दोघे भाऊ बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

सरासरी काढून रुपये वाटून घ्यावेत, त्यांतले जादा झिजलेले हवे तर मोडावेत, १९११ चा एखाद्या जाणत्याला दाखवावा, असे आम्ही सुचविले. डॉलरविषयी आम्ही एवढेच म्हणालो, की एका कागदावर पणजोबांचे नाव, खाते, साल आणि आजीने सांगितलेली हकीकत लिहा, आणि तो कागद नाण्याबरोबर ठेवा. उद्या वाटले तर भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला दोन्ही एकत्र दाखविता येतील. कागदावाचून ते नाणे सव्वाचोवीस ग्रॅम चांदी आहे. कागदासह ते एका घराण्याचे बखरपान आहे.

धाकट्याने तिथेच कागद मागितला. थोरला सांगत गेला, धाकटा लिहीत गेला.